उत्तर: 5 रुपयाच्या नाण्यावर उलटा सिंह, टांकसाळीची चूक की नंतरचा मार?

भाऊ, तुमची पोस्ट सकाळी वाचली अन दिवसभर डोक्यातून गेली नाही. पितळी 5 रुपयाचं नाणं, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला 5 च्या आकड्यावर आरशात दिसतो तसा उलटा सिंह दबलेला. एक जण म्हणतो लाखी आहे, म्हणजे टांकसाळीतच चुकून तसं छापलं गेलेलं, लाखात जाईल, जळगावच्या व्यापाऱ्याने हातात घेऊन लगेच परत दिलं, अन तपासून प्रमाणपत्र घ्यायला पाठवलं तर 'डॅमेज' एवढं एका ओळीत लिहून वापस आलं. आता परत फी भरून पाठवू का असं विचारताय. तुम्ही त्या कार्यालयाचं नाव घेतलं नाही, मी पण माझ्यावेळच्या कार्यालयाचं घेत नाही, पण तशी एका ओळीची चिठ्ठी माझ्या कपाटात आजही ठेवलेली आहे म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी तज्ज्ञ नाही, हौशी माणूस आहे, अन फोटोवरून कोणीही छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, माझं पण नाही. भिंग, वजनकाटा वगैरे तुमच्याकडे आहे हे धरून चालतो.

सगळा खेळ एकाच प्रश्नाचा आहे. नाण्यावर जे विचित्र दिसतंय ते टांकसाळीत कोणत्या पायरीला घडलं असेल? पट्टीतून गोल चकती कापताना, तिचा काठ उचलताना, का दोन ठशांच्या, म्हणजे डायच्या, मधे दाबताना? पायरी सांगता आली तर पुढे बोलायचं. नाही आली तर ते नाणं बाहेर आल्यावर कोणीतरी त्याला मारलंय असंच धरायचं, हे माझं मत, काही जणांना पटत नाही. दाबाखाली धातू अक्षरशः वाहतो, कळण्याची भाकरी थापताना पीठ बोटाखालून बाजूला सरकतं तसा, अन ठशातल्या खाचांमधे जाऊन भरतो. नंतरच्या माराने धातू असा भरत नाही, तो चेपतो, खरवडला जातो नाहीतर कापला जातो. भिंगातून हा फरक दिसतो, फक्त घाई करायची नाही.

आता तुमचं नाणं. लाखी, म्हणजे ब्रॉकेज, कसं होतं बघा. आधीचं नाणं छापून झालं पण बाहेर न पडता एका ठशाला चिकटून बसलं, त्याच्यावर पुढची कोरी चकती आली. मग नव्या चकतीच्या एका बाजूला खरा ठसा उमटतो अन दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा उलटा, खोल गेलेला ठसा. म्हणजे दोन्ही बाजूला सिंहच पाहिजे, एकीकडे वर आलेला, दुसरीकडे उलटा अन खोल. 5 चा ठसा तर चिकटलेल्या नाण्याखाली झाकला गेला, मग त्याच जागेवर सिंहाच्या खालून 5 चा आकडा येईल कुठून? तुमच्या दुसऱ्या फोटोत मला सिंहाच्या पायाखाली 5 ची कमान दिसतेय. याचा अर्थ उलटा सिंह आला तेव्हा नाण्यावर 5 आधीच छापलेला होता. वाइसमधे, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, दोन नाणी एकावर एक ठेवून आवळली की नेमकं हेच होतं. अशा नाण्याची दुसरी बाजू पण बघा, वाइसच्या जबड्याला टेकलेली असते म्हणून तिकडचा सिंह चपटा अन गुळगुळीत होतो. तुमच्या पहिल्या फोटोत मधल्या सिंहाची आयाळ सपाट वाटतेय, पण तो उजेडाचा खेळ पण असू शकतो, म्हणून काठाचा फोटो मागतोय.

आता कोणी म्हणेल अर्धं ब्रॉकेज असतं, दोनदा ठोकलेलं नाणं असतं, त्यात दोन्ही चित्रं दिसू शकतात. बरोबर आहे, असतं. पण अर्ध्या ब्रॉकेजमधे जिथे चिकटलेलं नाणं नव्हतं तिथेच नेहमीचा ठसा ठळक येतो, अन दोनदा ठोकलेल्यात दुसऱ्या ठोक्याला दुसरी बाजू पण नव्याने धारदार उमटते. एकीकडे उलट्या चित्राचं भूत अन दुसरीकडे चपटं, असं त्यात होत नाही.

आता माझं सांगतो, कारण पुन्हा पाठवू का या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

माझ्याकडे जुनं जाड 5 रुपयाचं होतं, तांबं-निकेलचं, 9 ग्रॅमवालं. धरणगावच्या एका जिनिंगच्या गल्ल्यातून आलेलं. त्याच्या काठाचा चंद्रकोरीसारखा तुकडा नव्हता, वजन साडेआठच्या आसपास. पट्टी पूर्ण पुढे सरकली नाही अन चकती कापणारा पंच आधीच पडलेल्या भोकावर थोडा चढला की चकती अशी कोर घेऊनच निघते. मी ते प्रमाणपत्रासाठी एका ठिकाणी पाठवलं. फी भरली, विम्यासकट पार्सल केलं, अन मग कित्येक महिने काहीच नाही. फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, अन उत्तर एकच की प्रक्रियेत आहे. शेवटी पाकीट आलं, त्यात छापील चिठ्ठी अन पेनाने एकच ओळ, नंतर केलेली इजा. कोणत्या खुणेवरून ठरवलं ते नाही. वजन घेतलं का ते नाही. सही पण नाही.

तेही मी सहन केलं असतं. पण नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत परत घालून स्टेपल मारलेलं होतं अन पिन चपटी केलेली नव्हती. आधी दुसऱ्या चौकटीतून काढताना का नंतर घालताना ते देव जाणे, पिनेचं टोक सिंहाच्या तोंडापासून थेट काठापर्यंत ओढलं गेलेलं होतं. भिंगात बघितलं तर ताजी चमकणारी चर, दोन्ही बाजूला धातूची बारीक कड उठलेली. पाठवायच्या आधीचे फोटो माझ्याकडे तारखेसकट होते, त्यात ती चर नाही. ते पाठवले तर उत्तर आलं की ग्राहकाचे फोटो ग्राह्य धरत नाही, तज्ज्ञांचं मत अंतिम असतं, कारणं द्यायची पद्धत नाही, हवं असेल तर पुन्हा फी भरा. दुसऱ्याची वस्तू पैसे घेऊन तपासायची, ती खराब करून परत द्यायची अन वर कारण सांगायचं नाही, याला काय म्हणायचं? ग्राहक तक्रारीचा विचार केला, पण नाण्याची किंमत काय होती हे सिद्ध करायला परत त्यांचंच प्रमाणपत्र लागलं असतं! आजही राग जात नाही.

पुढे नाशिकला एका प्रदर्शनात धुळ्याकडच्या एका जुन्या संग्राहक काकांना ते दाखवलं. त्यांनी त्या चंद्रकोरीकडे बघितलंच नाही, नाणं फिरवून कोरीच्या बरोबर समोरचा काठ भिंगाखाली धरला अन म्हणाले, "हाई खरं शे भाऊ." समोरच्या काठाची उभी कड तिथेच बसलेली, पुसट झालेली होती. काठ उचलायच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते, एका बाजूला कोरीमुळे धातूच नसेल तर समोर पण दाब बसत नाही, म्हणून तिथे कड नीट उभी राहत नाही. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, अन कापलेल्या जागी अक्षर सुरीने तोडल्यासारखं मधेच संपतं. खऱ्या कोरीजवळ अक्षरं थोडी ताणलेली, काठाकडे विरत गेलेली असतात. कोणत्याही तज्ज्ञाला मिनिटभरात दिसेल अशी खूण आहे अन पैसे घेऊन बसलेल्यांनी ती बघितली नाही. अर्थात हा पुरावा शंभर टक्के नाही, कधी कधी खऱ्या कोरीत पण समोरची कड चांगली असते, तेव्हा एकट्या खुणेवर जाऊ नका.

बाकीचं पटापट. उठलेली रेघ असेल तर ठशाला गेलेला तडा असू शकतो, खोल गेलेली रेघ म्हणजे बहुतेक ओरखडा. अक्षर गायब असेल अन त्या जागेची झिलई आजूबाजूसारखीच सलग असेल तर ठशात ग्रीस भरलेलं असू शकतं, बारीक समांतर ओरखडे असतील तर कोणीतरी घासलंय. सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून दुर्मिळ, असं रोज कोणीतरी टाकतं, अहो कोलकात्याची नाणी खुणेशिवायच असतात! मुंबईचा पत्त्यातला चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका.

आपल्याकडे तीन प्रकारचा मार जास्त सापडतो, तो ओळखून ठेवा. भुसावळकडे रुळावर ठेवून चपटी केलेली, पसरट, काठ पातळ, अक्षरं लांबट. तापीच्या पुलावरून नाहीतर चांगदेवला संगमात टाकलेली अन चुंबकाने काढलेली स्टीलची, खड्डे पडलेली, गंजाने वजन घटलेली, ती 'खराब पत्र्याची चूक' म्हणून विकतात. अन सातपुड्याकडच्या गळ्यातल्या माळांमधून निघालेले जुने चांदीचे रुपये, वर झाळलेली कडी काढून जागा पॉलिश केलेली. या शेवटच्याला मी मार म्हणतो खरा, पण माळेसकट मिळाला तर मोडू नका, ती माळच जास्त मोलाची आहे.

10 रुपयाचं दोन धातूंचं नाणं. आतली चकती अन बाहेरचं कडं दाबाखाली एकाच वेळी छापलं जातं. त्यामुळे सिंह तिरपा अन बाजूचं 'भारत' सरळ, असं दिसलं तर कोणीतरी मधली चकती ठोकून काढून फिरवून बसवलीय. उलटी बसवलेली असेल तर विचारायलाच नको. (अन हो, 10 चं नाणं चालत नाही म्हणणाऱ्या दुकानदारांना सांगा, रिझर्व्ह बँकेने 2018 मधेच खुलासा केलाय की तोपर्यंत काढलेली 14 डिझाइन सगळी चालतात. आमच्या बाजारात अजून वाद घालतात, डोकं फिरतं.)

तुम्हाला ज्याने लाखांचं आमिष दाखवलंय त्याने 'नोंदणी फी' मागितली असेल तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेने 2021 मधे सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती नाही अन कोणाला तिच्या नावाने कमिशन घ्यायचा अधिकार पण नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो मिळतात या थापेवर किती लोकांचे पैसे गेलेत, आपल्याच तालुक्यातले आहेत.

तर परत पाठवू का? माझं मत नाही. तुमच्या बाबतीत त्यांचा निकाल बहुतेक बरोबर आहे, फक्त कारण न देणं चूक आहे, अन ते कारण मिळवायला दुसरी फी देण्यात अर्थ नाही. पुढे कधी पाठवाल तर आधी दोन्ही बाजू, काठ अन काट्यावर ठेवलेलं नाणं असे फोटो काढा, चिठ्ठीत लिहा की स्टेपल वापरू नये, अन कारण लेखी देतात का ते फी भरण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. मधल्या काळात नाणं चिंच-मीठ लावून घासू नका, घरातल्यांना पण सांगून ठेवा.

काठाचा फोटो अन वजन टाका, पितळी 5 चं 6 ग्रॅम पाहिजे, 2019 पासूनच्या नव्या डिझाइनचं असेल तर थोडं जास्त. दुकान बंद केल्यावर रात्री बघून सांगतो.