प्रश्न विचारला की वर्गातली तीच तीन-चार मुलं उत्तर देतात. बाकीच्यांना बोलतं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच शिकवायला लागला आहात, वर्ग शांत असतो, पण प्रश्न विचारला की ठरावीक हात वर होतात आणि उरलेली मुलं वहीत डोकं घालतात. मी बरीच वर्षं गणित शिकवतेय, त्यामुळे उदाहरणं गणितातली देते.

खाली मान घातलेल्या सगळ्यांनाच काही येत नसतं असं समजू नका. त्यातल्या पुष्कळांना अर्धंमुर्धं येत असतं. पण चुकलो तर बाई काय म्हणतील, कोण हसेल, याचा अंदाज त्यांनी कधीच बांधलेला असतो. हा अंदाज आपल्या भाषणाने बदलत नाही. कोणाचं तरी उत्तर खरोखर चुकतं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होतं, ते बघून मुलं ठरवतात.

समजा, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असं विचारलं आणि एक मुलगी म्हणाली, ‘दोन पंचमांश.’ तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. ‘चूक, दुसरं कोण सांगेल?’ म्हटलंत की ती पुढचे कित्येक दिवस तोंड उघडणार नाही. त्याऐवजी तिचं उत्तर तसंच्या तसं फळ्यावर लिहा आणि कसं काढलं ते तिलाच सांगू द्या. मग सगळ्यांना विचारा, दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? थोड्या वेळाने कोणीतरी चमकून म्हणतं, ‘अर्ध्यात आणखी मिळवलं, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ आता छेद सारखे करायची गरज वर्गालाच वाटायला लागते. ही गरज त्या चुकीच्या उत्तरामुळे निर्माण झाली, हे तिच्या देखत बोलून दाखवा. मात्र ‘छान, छान’ म्हणून चूक झाकू नका. उत्तर चुकलंय हे स्पष्ट सांगायलाच हवं, नाहीतर मुलांचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडतो. कोणी हसलं तर तिथल्या तिथे एका वाक्यात थांबवा आणि पुढे चला.

दुसरं म्हणजे, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा आढळलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. ही वेळ ३ सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मागे पडणारी म्हणून गणली गेलेली मुलंही बोलू लागली. फळ्यासमोर उभं असताना ३ सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून मनात आकडे मोजा. प्रश्न अवघड असेल तर आधी प्रत्येकाला वहीत उत्तर लिहू द्या, शेजाऱ्याशी ताडून बघू द्या आणि मग हात वर नसलेल्या मुलाला विचारा. एकदा शेजाऱ्याशी बोलून झालं की लाजरं मूलही ‘आम्हाला असं वाटतं’ म्हणून सुरुवात करतं.

वह्या तपासतानाही हेच. मानसशास्त्रज्ञ रुथ बटलर यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. प्रगती फक्त शेरा मिळालेल्यांची झाली. गुण आणि शेरा एकत्र आले की मुलं आधी गुण बघतात, मग शेजाऱ्याचे गुण बघतात आणि शेरा वाचायचा राहून जातो. परीक्षेत गुण द्यावेच लागतात, पण रोजच्या वहीत कशाला? ‘छेद सारखे केलेस, अंश बदलायचा राहिला. तिसरं उदाहरण पुन्हा करून दाखव,’ एवढं लिहिलं तरी पुरे, आणि ते तिसरं उदाहरण आठवणीने बघा.

राहिली ती नेहमी हात वर करणारी तीन-चार मुलं. तुम्ही थांबायला लागलात की ती अस्वस्थ होतील, हात आणखी उंच करतील. त्यांना गप्प बसवू नका, त्यांचंही मन मोडतं. त्यांचं काम बदला. त्यांना उत्तराऐवजी कारण विचारा, दुसरी रीत शोधायला सांगा, किंवा ‘हे उदाहरण सोडवताना कोणी कुठे चुकू शकेल?’ असं विचारा. हा शेवटचा प्रश्न त्यांनाही बराच वेळ विचारात पाडतो आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांचं वहीत लिहून होतं.