जीन टेस्टच्या आधी घरातलं तेल विचार

अगं, पंधरा वर्षांच्या पोराचा सीआरपी (शरीरातली आतली सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला आला म्हणून आईवडिलांना लगेच जीन टेस्ट सांगू नकोस. त्या आठवड्यात सर्दीताप होता का, दात दुखत होता का ते विचार, असेल तर दोनेक आठवड्यांनी टेस्ट परत करायला सांग, नवीन डाएटिशियन इथेच फसतात.

आता जीनचं. एफएडीएस२ हा जीन जे एन्झाइम बनवतो, ते वनस्पती तेलातल्या ओमेगा-६ पासून अॅराकिडोनिक अॅसिड नावाचं फॅटी अॅसिड बनवायला लागतं आणि सूज वाढवणारी बरीच रसायनं त्यातूनच बनतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला, त्यात पुण्यातल्या, मुख्यतः शाकाहार घेणाऱ्या लोकांपैकी ६८ टक्क्यांमध्ये याचं जास्त जोरात काम करणारं रूप आई आणि वडील दोघांकडून आलेलं होतं, अमेरिकेतल्या लोकांत फक्त १८ टक्के! भाजीभाकरीवर जगायला हे वरदानच होतं गं, पण आता सूर्यफूल तेल, वेफर्स, रोजचं तळलेलं याचा मारा झाला की तोच जीन कच्चा माल भराभर वापरतो. जवसातलं ओमेगा-३ पण त्याच एन्झाइमच्या रांगेत असतं, म्हणून नुसती जवसाची चटणी वाढवून भागत नाही, तेलही कमी करायला लाव.

आणि खेळाचं विसरू नकोस, युरोपातल्या हेलेना अभ्यासात रोज तासभर हालचाल करणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये एफटीओ या वजन वाढण्याशी जोडलेल्या जीनचा परिणाम बराच कमी दिसला होता, पोटावरची चरबी स्वतःच सूज वाढवते ना.

पहिल्या भेटीत महिन्याला किती लिटर तेल लागतं एवढं तरी लिहून घे.