मिशीवाल्या माशाचा काटा आणि पहिला गळ

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. आमच्या घरात कुणी कधी गळ टाकलेला नाही. मला मांगूर, टेंगरा असे मिशीवाले मासे गळाने धरायला शिकायचं आहे. काठी कोणती घ्यावी? नागपूरजवळ कुठे जावं? बाईमाणसाने संध्याकाळी नदीवर बसणं बरं का? काट्याचीही फार भीती वाटते.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुम्ही काठी आधी विचारली, काटा शेवटी. मी उलट्या क्रमाने सांगते, कारण हे मासे गळाला लागणं सोपं असतं, खरी कसोटी ते गळावरून सोडवताना लागते.

टेंगऱ्याला तीन काटे. एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागच्या परांना. पाण्याबाहेर आला की तो तिन्ही ताठ करतो आणि ते तसेच अडकून बसतात, दाबून मिटत नाहीत. मांगूर आणि सिंगी (हाही मिशीवालाच मासा) यांच्या पाठीवर काटा नसतो, बाजूचे दोनच. पण सिंगीच्या काट्यात विष असतं, ठणका हातभर चढतो. म्हणून काठी घेण्याआधी एका सकाळी भोईपुऱ्याच्या मासोळी बाजारात जा. जिवंत मांगूर विकणारी बाई तो कसा धरते ते नीट बघा : मागून, डोक्यावरून हात आणून, अंगठा आणि बोटं दोन्ही काट्यांच्या मागे. तिला म्हणा, "मावशी, मला एकदा धरू द्या." पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या नातं असलेल्या या ढिवर-भोई बायांइतकं चांगलं शिकवणारं मला तरी कुणी माहीत नाही.

तरीही टोचलाच, तर जखम धुवा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मी थर्मासमध्ये गरम पाणी नेतेच. मग डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काट्याचं टोक आत राहिलं असेल तर स्वतः कोरू नका.

आता काठी. सहा-सात फुटांची साधी काठी, मधल्या आकाराचं रीळ, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. एवढं पुरे. तंगूस शिशातून, म्हणजे भोक असलेल्या वजनाच्या गोळीतून, मोकळा सरकू द्या. पुढे छोटी फिरकी (तंगूसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग वीतभर तंगूस आणि गळ. असं केलं की मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला शिशाचं वजन जाणवत नाही. हे मासे डोळ्यांपेक्षा मिशांनी, वासाने शोधतात, म्हणून आमिष तळाशी हवं : गांडूळ, कोंबडीची आतडी. काठी हातातून ठेवायची झाली तर दगडाखाली पक्की अडकवा, मोठा शिवडा (हाही मिशीवालाच मासा) लागला तर काठीसकट नेतो.

जागेबद्दल : तलावांवरचा मासेमारीचा हक्क बहुतेकदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रामटेकजवळ खिंडसी असो की गावचा तलाव, आधी तिथल्या माणसांना विचारा, "काका, इथे गळ टाकला तर चालते का?" तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडे गळ न्यायचाच नाही. कन्हान नदीचा काठ चांगला, पण नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. त्या संगमाच्या खालचा मासा खाऊ नका, तळाशी चरणारा तर मुळीच नाही.

बाईमाणसाने बसावं का? जरूर बसावं. मात्र हे मासे अंधार पडता पडता जास्त चरतात, म्हणून सुरुवातीला सोबत घ्या, गावाजवळचा काठ निवडा, पाच वाजता बसा आणि दिवेलागणीनंतर तासाभरात उठा. घरी जागा सांगून ठेवा. ओढणी नको, फेकताना गळ तिच्यात हमखास अडकतो. बूट घसरणार नाहीत असे, डोक्याला बांधायची बॅटरी, लांब नाकाची पक्कड. उन्हाळ्याची संध्याकाळ किंवा पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे उत्तम. पावसाच्या सुरुवातीला मांगूर-सिंगी विणीला येतात, तेव्हा त्यांना सोडा.

आणि थाई मांगूर गळाला लागला, तर तो मात्र पाण्यात परत सोडू नका. या परक्या माशाच्या पालनावर देशात बंदी आहे. तो आपले मासे फस्त करतो. ओळखायला अवघड जातं, तेव्हा फोटो काढून जवळच्या ढिवरदादांना दाखवा.