बारा गाड्यांसाठी किती भार मागावा?

बारा इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायला नवी मुंबईत महाप्यात शेड घेतलीत, आता घाईत बारा चार्जर गुणिले ७.४ किलोवॅट म्हणजे ८९ किलोवॅट असा अर्ज महावितरणकडे टाकू नका. आधी गाडी रोज किती युनिट खाते ते बघा. १५ युनिट धरले तर बारा गाड्यांचे १८०, चार्जिंगमधली गळती धरून २००. रात्रीच्या आठ तासांत ते भरायला सरासरी २५ किलोवॅट पुरतात. मिळालेला भार चालू गाड्यांत वाटून देणारे चार्जर घ्या आणि ३५ मागा. उशिरा येणाऱ्या गाडीसाठी तेवढी सवड हवीच. जोडणी ईव्ही चार्जिंगच्या वर्गातच घ्या, मीटर वेगळा.

आता वायरिंग. ७.४ चा चार्जर सिंगल फेज असतो, म्हणजे जोडणीच्या तीनपैकी एकाच फेजवर चालतो, आणि ३२ अँपिअर ओढतो. इलेक्ट्रिशियन सोयीने सगळे एकाच फेजवर टाकतो. मग तो फेज लोडने ट्रिप होतो आणि न्यूट्रल तापते. प्रत्येक फेजवर चार, हे उभं राहून करून घ्या. प्रत्येक चार्जरला ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा स्विच) स्वतंत्र हवा, म्हणजे एका गाडीच्या बिघाडाने बाकीच्या अडत नाहीत.

तासन्‌तास पूर्ण करंट वाहिला की सैल स्क्रूवाली लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, आधी काळी पडते, मग जळते. महिन्याभराने सप्लाय बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळा, आणि पावसाळ्याआधी अर्थिंग मोजून घ्या.