तुमचे प्रश्न : तांब्याच्या देशात पीठ का महागलं?

प्रश्न : तुम्ही झांबियात बरीच वर्षं शिक्षिका होतात असं कळलं, म्हणून विचारतो. आमच्याकडे परवा जेवताना वाद झाला. मुलगा म्हणाला, "इंग्रज जाऊन साठ वर्षं झाली, अजून किती दिवस त्यांच्या नावानं खडे फोडायचे? आपणही गुलामीतच होतो. आपण उभे राहिलो, आफ्रिकेतले देश नाही राहिले. कष्टाची तयारी नाही आणि राज्यकर्ते चोर, दुसरं काय!" मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. तुम्ही काय सांगाल?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : "कष्टाची तयारी नाही" हे वाचलं आणि मला आमच्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाचे वडील आठवले. मी १९७९ ते १९८८ अशी नऊ वर्षं किट्वेला, तांब्याच्या खाणींच्या शहरात, सरकारी शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलं. यजमान खाणीच्या वीजखात्यात होते. तो मुलगा वुसाकिलेचा, म्हणजे नकाना खाणीला लागून असलेल्या कामगार वस्तीतला. वडील रात्रपाळी करून सकाळी घरी येत, पापण्यांच्या कडांना दगडाची धूळ तशीच, आणि घोटभर चहा पिऊन कुदळ घेऊन वस्तीबाहेरच्या तुकड्यावर जात. तिथे मका, रताळी, भोपळा. दुपारी चार तास झोप, की पुन्हा खाली, जमिनीच्या पोटात. आई भाजलेले शेंगदाणे घेऊन बाजारात बसायची. सहा मुलं, सहाही शाळेत. या घराला आळशी म्हणणाऱ्याला मी तरी क्षमा करू शकत नाही.

मग देश गरीब का? झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ला स्वतंत्र झाला तेव्हा तिथलं दरडोई उत्पन्न भारतापेक्षा जास्त होतं, दक्षिण कोरियापेक्षाही जास्त होतं. तुमच्या मुलाला हे मुद्दाम सांगा. गरीब देश गरीबच राहिला अशी ही गोष्ट नाही. कागदावर श्रीमंत दिसणारा देश आतून पोकळ होता, आणि ती पोकळी कुणी कशी केली ते समजलं की बरंच उलगडतं.

मी मूळची खेड तालुक्यातली. आमच्या डोंगरउतारावर राब करतात, म्हणजे झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणीचं बी टाकतात. झांबियाच्या उत्तरेला बेम्बा लोकांच्या मुलखात गेले तेव्हा तेच बघितलं! तेच फांद्या उतरवणं, तीच राख, तीच नाचणी. ते त्याला 'चितेमेने' म्हणतात. बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. ही माणसं स्वतःचं पिकवून खात होती. मग सेसिल ऱ्होड्स या इंग्रज खाणमालकाची ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनी आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं झोपडीपट्टी बसवली. झोपडीपट्टी म्हणजे वस्ती नव्हे, झोपडीमागे भरायची पट्टी, कर. आणि तो भरायचा रोख पैशात. नाचणी देऊन चालत नव्हतं. रोकडा कुठे मिळणार? गोऱ्यांच्या मळ्यावर नाहीतर खाणीत. म्हणजे कराचा हेतू तिजोरी भरणं एवढाच नव्हता. माणसाला त्याच्या शेतावरून उठवून मजूर करायचं होतं, आणि ते झालं. १९३०च्या सुमाराला बेम्बा मुलखातल्या कित्येक गावांतून निम्म्याच्या आसपास पुरुष बाहेर गेलेले होते. फांद्या उतरवायला झाडावर चढणार कोण? ते पुरुषांचं काम. शेती खंगली.

आमच्या कोकणातही पुरुष मुंबईला गिरणीत आणि गावाकडे म्हाताऱ्या, बायका आणि मनीऑर्डरची वाट. पण आमच्या चाकरमान्यांनी ज्या गिरण्यांत घाम गाळला त्यांतल्या कितीतरी इथल्या माणसांच्या होत्या. पहिली १८५४ सालची, कावसजी दावरांची. नफा कुणाच्या का होईना, इथल्याच खिशात राहिला, त्यातून पुढचे कारखाने निघाले. झांबियातल्या सगळ्या मोठ्या खाणी दोन परदेशी गटांच्या होत्या. शिवाय जमिनीखालच्या खनिजाचे हक्क त्या ऱ्होड्सच्या कंपनीकडे. १९२४ला तिनं राज्यकारभार सोडला पण रॉयल्टी सोडली नाही. चाळीस वर्षं, अगदी स्वातंत्र्याच्या आदल्या दिवसापर्यंत, टनामागे तिचा हिस्सा काढून दिला जात होता. आणि शेवटी ते हक्क सोडण्यासाठी तिला चाळीस लाख पौंड भरपाई मिळाली, त्यातले अर्धे नव्या झांबियाने द्यायचे! स्वतःच्याच जमिनीचे पैसे.

१९३५ साली कर वाढवला म्हणून खाणकामगारांनी संप केला, तेव्हा लुआन्श्या या खाणींच्या गावात गोळीबार होऊन सहा जण मेले. माझ्या वर्गातल्या मुलांना ही गोष्ट आजोबांकडून माहीत होती.

दुसरी गोष्ट करीबाची. झांबेझी नदीवरचं ते प्रचंड धरण १९५९ला पुरं झालं. तेव्हा झांबियाला उत्तर ऱ्होडेशिया म्हणत आणि तो दक्षिण ऱ्होडेशियाशी, म्हणजे आजच्या झिंबाब्वेशी, एका संघराज्यात जोडलेला होता. राजधानी दक्षिणेला, सॉल्सबरीला. तांब्यावरचा कर उत्तरेतून जायचा आणि खर्च दक्षिणेत व्हायचा. धरणाचं वीजघरसुद्धा नदीच्या दक्षिण काठावर बांधलं. १९६५ला दक्षिण ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांनी स्वतःचं वेगळं राज्य पुकारलं तेव्हा झांबियाच्या खाणींचे पंप ज्या विजेवर चालत होते तिचा खटका शत्रूच्या हातात राहिला. यजमान सांगायचे, खाणीत वीज गेली की पहिली धास्ती पाण्याची. पंप थांबले की पाणी चढतं. उत्तर काठावर स्वतःचं वीजघर व्हायला स्वातंत्र्यानंतर बारा-तेरा वर्षं लागली. रेल्वेचंही तेच, सगळी दक्षिणेकडे. टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरापर्यंतची १,८६० किलोमीटरची नवी लाईन चीनच्या मदतीनं सत्तरच्या दशकात झाली तोवर या देशाला समुद्राकडे जायला स्वतःच्या भरवशाची वाट नव्हती.

आणि शाळा. मी मास्तरीण, मला हे सगळ्यात जास्त लागतं. मुंबई विद्यापीठ १८५७चं. आपण स्वतंत्र झालो तेव्हा त्याला नव्वद वर्षं झाली होती. वकील, डॉक्टर, इंजिनियर, हिशेबनीस, मामलेदार सगळे आपल्यात होते. झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा पस्तीसेक लाखांच्या देशात पदवीधर होते सुमारे शंभर. विद्यापीठ १९६६ला निघालं, आणि त्यासाठी लोकांनी पैसे नव्हते तिथे मक्याची कणसं आणि कोंबड्या दिल्या. आमच्यासारखे शेकडो परदेशी शिक्षक तिथे का गेले? शिकवायला तिथलं माणूस तयारच होऊ दिलं नव्हतं म्हणून.

आता तुमच्या मुलाचा दुसरा मुद्दा, राज्यकर्ते. ते निर्दोष नव्हते, आणि मी हे झाकणार नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा स्वभावानं सज्जन, पण १९७२ला त्यांनी एकच पक्ष ठेवला आणि चूक दाखवणाऱ्याचं तोंड बंद झालं. १९६९ला खाणींचा ५१ टक्के हिस्सा सरकारनं घेतला, तो रोख्यांवर, हप्त्याहप्त्यानं फेडायचा होता. १९७३ला तांबं तेजीत होतं, तेव्हा महाग व्याजानं बाहेर कर्ज काढून ते रोखे मुदतीआधीच फेडून टाकले. पुढच्याच वर्षी एप्रिलात तांब्याला विक्रमी भाव आला आणि वर्ष संपेपर्यंत निम्म्याच्याही खाली गडगडला. देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त निर्यात एकट्या तांब्याची! १९७७ साली खाणींकडून सरकारला करापोटी जवळजवळ काहीच मिळालं नाही. शेती तर आधीच खंगलेली, तिच्याकडे लक्ष द्यायचं सोडून शहरात पीठ स्वस्त ठेवण्यावर पैसा घातला. मक्याची पोती उचलायला ट्रक येईना म्हणून पावसात कुजलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. ही त्यांचीच चूक. पण कोकणात पाऊस दगा देतो तसा तिथे लंडनच्या धातुबाजारातला भाव दगा द्यायचा. यजमान रोज सकाळी रेडिओला कान लावून तो भाव ऐकत, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळे की या महिन्यात शाळेला खडू मिळेल की नाही.

मग डिसेंबर १९८६. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज हवं तर पिठावरचं अनुदान काढा, अशी अट. तिथलं रोजचं जेवण म्हणजे न्शिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड म्हणा, सोबत कपेंटा म्हणजे आपली सुकटच जणू, नाहीतर भोपळ्याच्या पाल्याची भाजी. पीठ दोन प्रकारचं, बारीक 'ब्रेकफास्ट' आणि जाडं 'रोलर'. सरकारनं ठरवलं की बारीक पिठाचं अनुदान काढायचं, गरिबांचं जाडं स्वस्त ठेवायचं. कागदावर किती शहाणपणाचं! पण गिरणीवाल्यांना भरवसा नव्हता की सरकार आपले पैसे चुकतं करील. त्यांनी जाडं पीठ दळणंच थांबवलं. दुकानात राहिलं ते बारीक, दुपटीहून महाग झालेलं.

वुसाकिलेच्या त्या मुलाची आई त्या आठवड्यात माझ्या दारात आली. बेम्बा भाषेत मान द्यायला नावाआधी 'बा' लावतात, ती मला 'बा टीचर' म्हणायची. हातात रिकामं पीठाचं पोतं, व्यवस्थित घडी घातलेलं. तिनं पीठ मागितलं नाही. म्हणाली, हे पोतं ठेवा, तुमच्याकडे मिळालं तर यात भरून ठेवा, मी पैसे देईन. दुसऱ्या दिवशी किट्वेत दंगल उसळली. दुकानं फुटली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. तांबेपट्ट्यात, म्हणजे खाणींच्या त्या सगळ्या भागात, त्या दोन-तीन दिवसांत पंधरा माणसं मेली. कौंडांनी भाव पुन्हा खाली आणला आणि पुढच्या मे महिन्यात नाणेनिधीशी संबंध तोडले. आमच्या वर्गातले दोन बाक नंतर रिकामेच राहिले. ती मुलं मेली नव्हती, त्यांना कामाला लावलं होतं. फळ्यावर मी ओहमचा नियम लिहीत होते आणि खिडकीबाहेर तांब्याच्या जाड पत्र्यांनी भरलेली मालगाडी चालली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, भाव तळाला असताना, कर्ज देणाऱ्यांच्या रेट्यानं त्या खाणी विकल्या. नव्या मालकांशी केलेल्या करारांत रॉयल्टी किती? ०.६ टक्के. शंभर रुपयांच्या तांब्यामागे साठ पैसे. पुढे २००३नंतर भाव कित्येक पटींनी वाढले तेव्हा हात करारांनी बांधलेले होते. तर तुमच्या मुलाला सांगा, इंग्रज गेले हे खरं, पण तांबं आणि त्याचा पैसा बाहेर नेणारी जी नळी ते बसवून गेले ती कुणी उपसून काढली नाही.

प्रश्न : त्याच भागातला बोट्स्वाना मग सुधारला कसा? तोही इंग्रजांच्याच ताब्यात होता ना?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : फार योग्य हरकत आहे. बोट्स्वाना १९६६ला स्वतंत्र झाला तेव्हा तिथे पक्का रस्ता मोजून बारा किलोमीटर होता. त्याचं एक सुदैव असं, की तेव्हा तिथे लुटण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. ओरापाचे हिरे सापडले १९६७ला, स्वातंत्र्यानंतर! त्याच सुमाराला खनिजाचे हक्क जमातींकडून देशाकडे घेण्याचं काम पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारनं केलं. पुढे खाण कंपनीशी निम्म्या निम्म्या भागीदारीचा करार झाला आणि आलेला पैसा शाळा, दवाखाने, रस्त्यांना लागला. म्हणजे चांगल्या कारभारानं फरक पडतो, शंभर टक्के पडतो. मी कौंडांच्या चुका लिहिल्या त्या याचसाठी. पण झांबियाच्या तांब्यावर आधीच चाळीस वर्षं दुसऱ्याचा हक्क होता, आणि बोट्स्वानाचे हिरे पहिल्या दिवसापासून त्याचे स्वतःचे होते. या दोघांना एका रेषेवर उभं करून शर्यत लावू नका. बोट्स्वानातही सगळं गोड नाही. विषमता भयंकर आहे, आणि हिऱ्यांचा बाजार बसला की तिथल्याही अर्थमंत्र्याला घाम फुटतो.

प्रश्न : तुमचा तिथल्या विद्यार्थ्यांशी अजून संबंध आहे का? आता काय परिस्थिती आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आहे. वुसाकिलेचा तो मुलगा आता स्वतः शिक्षक आहे. २००५ला देशाचं बरंचसं कर्ज माफ झालं, मग पुन्हा कर्ज काढलं गेलं आणि नोव्हेंबर २०२०मध्ये हप्ता थकला. जानेवारी २०२२पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी बंद झाली, आणि त्याच्या वर्गात एकदम इतकी मुलं आली की बाकावर तिघं होती तिथे पाच बसवली. २०२४च्या दुष्काळात करीबाचं पाणी तळाला गेलं तेव्हा दिवसाचे कितीतरी तास वीज नव्हती. फोन चार्ज झाला की तो मला निरोप पाठवायचा. एकदा त्यानं फळ्याचा फोटो पाठवला. अंधुक खोली, फळ्यावर ओहमचा नियम, आणि खाली प्रयोगाच्या साहित्याची यादी : एक सेल, एक बल्ब, तांब्याची तार. तार त्यानं स्वतःच्या घरातल्या जुन्या वायरीतून सोलून आणली होती.