‘ऑप्टिमायझेशन’: अनुकूलन की इष्टतमीकरण?

प्रश्न असा आहे : लिनक्स कर्नलमधल्या क्रिप्टोग्राफीच्या कोडविषयी मराठीत लिहिताना कंपायलरच्या ‘ऑप्टिमायझेशन’ला ‘अनुकूलन’ म्हणावे की ‘इष्टतमीकरण’, आणि ‘ऑप्टिमायझेशन बदलल्याने आलेला बिल्ड एरर’ हे कसे लिहावे? (कर्नल म्हणजे लिनक्स या प्रणालीचा गाभा, क्रिप्टोग्राफी म्हणजे माहिती सांकेतिक करून गुप्त राखण्याचे तंत्र, कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचे संगणकाच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम, आणि त्या रूपांतरातून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करणे म्हणजे बिल्ड.)

‘अनुकूलन’ मला येथे पटत नाही. सजीवाने परिस्थितीशी जुळवून घेणे या अर्थाने तो शब्द जीवशास्त्रात रुळलेला आहे. कंपायलर मात्र जुळवून घेत नाही, तर लिहिलेल्या कोडचे रूप बदलून तो वेगवान किंवा आटोपशीर करतो. ‘इष्टतमीकरण’ उच्चारायला जड आहे खरे, पण जे सर्वांत इष्ट नव्हते ते तसे करणे, हा अर्थ त्यात ‘रुंदीकरणा’इतकाच सरळ आहे. शिवाय त्यातला ‘इष्ट’ लगेच विचारायला लावतो : कोणाला इष्ट?

क्रिप्टोग्राफीत अडते ते नेमके येथेच. काम संपल्यावर मेमरीतली गुप्त किल्ली पुसण्यासाठी प्रोग्रामर ‘मेमसेट’ हे फंक्शन वापरून तिची जागा शून्यांनी भरतो. ती जागा पुढे कोणीच वाचत नाही हे पाहून कंपायलर ते भरणेच अनावश्यक ठरवून गाळतो, आणि किल्ली मेमरीत तशीच राहते. कर्नल ज्या सी भाषेत लिहिलेले आहे तिच्या नियमांनी यात कंपायलरचे काहीच चुकत नाही. त्याला वेग इष्ट, प्रोग्रामरला गुप्तता. म्हणूनच २०१४ मध्ये, हे पुसणे गाळता येऊ नये अशा बेताने लिहिलेले ‘मेमझिरो एक्सप्लिसिट’ हे फंक्शन कर्नलमध्ये आले.

‘बिल्ड एरर’ला सरसकट ‘चूक’ म्हणू नये. एखाद्या सायफरच्या, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीच्या, लांबलचक फेऱ्यांत कंपायलरने सूचनांचा क्रम बदलला की रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या मोजक्या जागा, अपुरे पडतात, मूल्ये स्टॅकवर, म्हणजे फंक्शनसाठी राखलेल्या मेमरीत, उतरतात, आणि ३२-बिट बिल्डमध्ये स्टॅकच्या वापराची ठरवलेली मर्यादा ओलांडल्याचा इशारा येतो. इशाऱ्यांनाच एरर मानण्याचा पर्याय चालू असेल, तर बिल्ड तेथेच थांबतो. कोड तोच, गणितही बरोबर. अशा वेळी मी ‘इष्टतमीकरणाची पातळी बदलल्याने बिल्ड अडला’ असे लिहीन. ‘अडला’ या क्रियापदात दोष कोणाचा, हे आधीच ठरवून टाकलेले नसते.

पहिल्या उल्लेखात ‘ऑप्टिमायझेशन, म्हणजेच इष्टतमीकरण’ असे लिहून पुढे मराठी शब्द वापरावा. इष्टतमीकरणाची पातळी ठरवणाऱ्या ‘ओ-टू’, ‘ओ-एस’ या कंपायलरच्या पर्यायांच्या नावांचे मात्र भाषांतर करू नये, कारण वाचकाला ती मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, शोधायची असतात.