कथमेतत्?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पोरांना स्वतःची गोष्ट लिहायला कसं शिकवू, असं विचारलंयस. तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. सातवीच्या अडतीस वह्या, आणि जिकडेतिकडे तहानलेला कावळा नाहीतर प्रामाणिक लाकूडतोड्या! पोरांचा दोष नाही गं. मुद्दे, शीर्षक, तात्पर्य. परीक्षेला जे विचारतात तेच वहीत उगवतं. परीक्षेआधी महिनाभर तेही घोटून घे, पोरांचे गुण कशाला घालवायचे? एरवी मात्र ‘तात्पर्य’ हा शब्द वर्गात काढू नकोस.

पंचतंत्राचं काय, असं विचारशील. ते जरा उघडून बघ. विष्णुशर्म्यानं राजाची तीन ढ पोरं सहा महिन्यांत शहाणी करायचं पत्करलं, एवढंच आपण सांगत बसतो. तिथं बोधाचा श्लोक गोष्टीच्या आधी येतो. नसत्या उठाठेवी करणारा खुंटी उपटणाऱ्या माकडासारखा मरतो, असं करटक नावाचा कोल्हा म्हणतो आणि त्याचा जोडीदार दमनक विचारतो, ‘कथमेतत्?’ म्हणजे, ते कसं काय? मग गोष्ट सुरू होते.

मी वर्गात हाच प्रश्न वापरायचे. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आमची म्हैस विकली. सर्वांना फार दुःख झाले.’ म्हटलं, कसं काय? ती गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘बाई, संध्याकाळी आजी आंबोण घेऊन गोठ्यात गेली. मग बादली तशीच घेऊन परत आली.’ हेच लिही म्हटलं, तर म्हणते, ‘हे पण लिहायचं असतं?’

तिला असं लिहिलेलं कुणी कधी वाचूनच दाखवलं नव्हतं, तर तिला कळणार कसं? म्हणून शेवटच्या तासाची दहा मिनिटं रोज मोठ्यानं वाच. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ऐन रंगात आलं की पुस्तक मिट आणि घंटा होऊ दे. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, तोंडी परीक्षा वाटते. आणि तू स्वतः? ऑनलाइन माहिती भरता भरता कथा-कादंबरी सुटली, असं लिहिलंयस. ती आधी धर. बाई काय वाचतात, हे पोरं बरोबर हेरतात.

लाल पेनाचं एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाच्या दीड पानाच्या गोष्टीत ऱ्हस्व-दीर्घाच्या सत्तावीस चुका काढल्या होत्या. त्यानं पुढची गोष्ट चार ओळींची लिहिली. चूक एकही नव्हती. तेव्हापासून पहिल्या वाचनाला मी पेन हातातच धरला नाही.

त्या लाकूडतोड्यावाल्यांपैकी एकाला जवळ बोलाव. कुऱ्हाड नदीत पडली, हे घरी कळल्यावर बायको काय म्हणाली, एवढंच विचार. तो जे लिहील, त्याची झेरॉक्स मला पाठव.

तुझी,
बाई